मथळा उंदरांचा, उलटतपासणी आईची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीतला ‘आईच्या ताटातून स्वमग्नता’ हा लेख वाचला. आईने खाल्लेल्या फळांवरच्या बुरशीनाशकांमुळे मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं, असा त्याचा सूर. वाचावाच लागला. सकाळी साडेसातला नणंदबाईंचा फोन : “वहिनी, पेपर पाहिलात? त्या वेळी तुम्ही फळं नीट धूत होतात ना?” दुपारपर्यंत तेच कात्रण आणखी तिघांनी मोबाइलवर धाडलं, एकाने तर मथळ्याखाली लाल रेघ ओढून.

माझा मुलगा स्वमग्न आहे. लेखात ‘नुकतंच’ झालेलं म्हटलेलं संशोधन २०१६चं आहे. तेव्हा तो शाळेत जात होता. असो.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या मार्क झिल्का यांच्या गटाने बशीत वाढवलेल्या उंदरांच्या मेंदूपेशींवर २९४ रसायनं वापरून पाहिली आणि कोणती जनुकं जोरात चालतात, कोणती मंदावतात ते मोजलं. रोटेनोन हे कीटकनाशक आणि पायराक्लोस्ट्रोबिनसारखी काही बुरशीनाशकं घातल्यावर चेतापेशींच्या जोडण्यांची जनुकं मंदावली, दाहाची वाढली. स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूच्या नमुन्यांत दिसतं तसंच काहीसं. इथवर लेख ठीक. पण हेच चित्र वार्धक्याशी आणि अल्झायमरसारख्या आजारांशीही जुळलं होतं, ते वाक्य कुठे गळालं? छापलं असतंत तर नणंदबाईंना विचारता आलं असतं, सासूबाईंचा विसरभोळेपणा कुणाच्या ताटातला?

या रसायनांमुळे माणसांना हे होतं असं म्हणता येणार नाही, हे खुद्द संशोधकांनी सांगितलं होतं. बशीतल्या पेशींना सासर नसतं, मला आहे.

असं संशोधन निरुपयोगी मुळीच नाही. बाजारातल्या हजारो रसायनांपैकी आधी कोणती कसून तपासायची, हे त्यातून कळतं. ती तपासायची मात्र विकणाऱ्याने आणि परवाना देणाऱ्याने. की आईने नळाखाली फळ धरून रेणू मोजायचे? लेखात त्या दोघांचं नाव नाही. ‘आई’ सात वेळा आहे, मोजलंय.

जाता जाता : पुरवणीत पान ३ दोनदा आहे, ४ नाहीच. माझा मुलगा पेपर हातात आला की आधी पानांचे आकडे वाचतो. दुसऱ्या ३वर त्याने पेन्सिलीने ४ गिरवला, तेव्हा कुठे मला घडी घालू दिली. तुमचा लेख त्याच पानावर होता.

आपली,
एक वाचक