सून करते, मुलगा बघतो

संपादक महोदय,

मुलगा आईवडिलांचे ‘बघतो’ आणि सून सासूसासऱ्यांचे ‘करते’. बघणे म्हणजे बिले भरणे, डॉक्टरांशी बोलणे, औषधे आणून देणे. करणे म्हणजे शी-शू, अंघोळ, भरवणे आणि रात्री उठणे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातल्या 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष 21.4 टक्के. करणाऱ्या स्त्रियांचा वेळ दिवसाला 140 मिनिटे, पुरुषांचा 74. (यात मुलांचे करणेही आले.)

गंमत अशी की कायदा सुनेकडे बोट दाखवतच नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या 2007 च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितले आहे.

पण कायद्यापेक्षा शरीराचा हिशेब जास्त बोलका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे दिवसाकाठी 12 वेळा. नाही बदलली तर माकडहाड, खुबे, टाचा इथे हाड आणि गादी यांच्यात कातडी दबते, रक्त पोचत नाही आणि जखम होते. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर सुरुवात झाली समजावे. अशा जागी तेल लावून चोळू नये, आतली इजा वाढते. हवेची गोल रिंगही नको. तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणे सुटत नाही. पंपाचा आकडा रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचा असतो. तो शेवटपर्यंत फिरवला की गादी दगडासारखी कडक होते, आणि बहुतेक घरांत तो तसाच असतो.

साठ-पासष्ट किलोच्या माणसाला वर सरकवणे हे एकटीचे काम नव्हे. खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी घडीची चादर घालायची, दोन बाजूंना दोघांनी उभे राहून तिच्या कडा रुग्णाच्या अंगालगत गुंडाळून धरायच्या, गुडघे वाकवायचे, एक-दोन-तीन म्हणून एकदम उचलायचे. मग कुशीवर थोडेसेच कलते करून पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, आणि टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली एक. एकटी सून हे करते तेव्हा ती उचलत नाही, ओढते. ओढल्याने सासऱ्यांची कातडी सोलवटते आणि तिची कंबर जाते. दुसरी जोडी हातांची घरातच असते, शेजारच्या खोलीत झोपलेली. रात्री दहा ते सकाळी सहा यांत पाच वेळा कूस बदलावी लागते. रोज नाही, पण एक रात्र आड तरी या पाचही वेळा मुलाच्या नावावर हव्यात.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सुनेला डायपर बदलायला लागू नये म्हणून कित्येक सासरे पाणीच कमी पितात. मग लघवी गडद होते, जंतुसंसर्ग होतो आणि म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वयोमानाने चळ लागला. खरे तर तेव्हा लघवी तपासायला हवी. मुलगा धुवायला असता तर हा संकोच निम्म्याने कमी झाला असता. ‘पण आईचे मुलाने कसे करायचे?’ समोरून उघडणारा गाऊन, अंगावर मोठा टॉवेल, आणि पुसायचा तेवढाच भाग उघडा. एवढे कौशल्य कोणालाही शिकता येते. पुसणे पुढून मागे, हे मात्र विसरू नये.

आया किंवा मामा (पगारी पुरुष मदतनीस) ठेवला की प्रश्न सुटला असे पुरुषांना वाटते. पण त्याच्यावर देखरेख पुन्हा सुनेचीच, आणि तो आला नाही की रजाही तिचीच. त्याच्या पहिल्या खाड्याला रजा मुलाची, दुसऱ्याला सुनेची, हे आधीच ठरवून ठेवावे. औषधांचे कामही ‘आणून दिली’ इथे संपत नाही. आठवड्याचा डबा भरणे, साठा सात दिवसांवर आला की मागवणे, वेळ टळूनही खण भरलेला दिसला तर विचारणे, हे सगळे एकाच्याच नावावर असावे.

लेकीही यातून सुटत नाहीत. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये त्यांना बरोबरीचा हक्क दिला. माहेरी येऊन चार सूचना करून जाण्यापेक्षा तीन महिन्यांतून पंधरा दिवस त्यांनी पूर्ण ताबा घ्यावा. वहीत लिहून घ्यावे: कोणती गोळी कधी, शेवटची शौच कोणत्या तारखेला, कातडी कुठे लाल आहे.

आणि आपल्याला एक विनंती. हे पत्र छापलेत तर कृपया महिला पुरवणीत छापू नका.

— शुश्रूषा क्षेत्रातील एक वाचक, सातारा