घनता आधी मोजू द्या, सूत्र नंतर सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान’ हे सूत्र माध्यमिक शाळेतील बहुतेक मुलांना तोंडपाठ असते आणि त्यावरची उदाहरणेही ती बिनचूक सोडवतात. पण दगडाचे दोन सारखे तुकडे केले तर प्रत्येकाची घनता किती, असे विचारले की ‘निम्मी’ असे उत्तर हमखास येते. विज्ञान शिकवताना मला याची फार खंत वाटते, कारण घनता त्या विशिष्ट तुकड्याची नसून पदार्थाची असते, ही मूळ गोष्टच मुलांपर्यंत पोहोचलेली नसते.

त्यासाठी नाशिकमध्ये महागडी प्रयोगशाळा नको. पांडवलेणी ज्या काळ्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, तोच खडक खडीच्या रूपाने जागोजागी पडलेला असतो. एक घट्ट, बिनछिद्री खडा तोलावा, दोऱ्याने बांधून मोजपात्रातील पाण्यात पूर्ण बुडवावा आणि पातळी किती चढली ते पाहावे. १४५ ग्रॅमच्या खड्याने पाणी साधारण ५० मिलिलिटर चढते. दुप्पट वजनाच्या खड्याने दुप्पट चढते, आणि भागाकार मात्र दर घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅमच्या आसपासच राहतो. एखाद्या खड्याचे उत्तर २.५ आले, तर ते चूक म्हणून खोडू नये, कारण खरा अभ्यास तिथेच सुरू होतो: लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या पोकळ्या त्यात आहेत का, की त्या पोकळ्यांत सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दिसतात तशी, सुमारे २.२ घनतेची झिओलाइट खनिजे भरली आहेत?

दिंडोरी-निफाडकडच्या वायनरींमध्ये तर घनता हे रोजच्या कामाचे मोजमाप आहे. द्राक्षाच्या ताज्या रसात विरघळलेल्या साखरेमुळे त्याची घनता १.०९ च्या आसपास असते. किण्वन सुरू झाले की साखरेचे अल्कोहोल होते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि अल्कोहोलची घनता जेमतेम ०.७९ असल्यामुळे हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून त्याची घनता मोजायचे उपकरण) दिवसागणिक अधिक खोल बुडत जातो. साखर जवळपास संपली की घनता पाण्याहूनही किंचित खाली, ०.९९ च्या घरात येते.

घनतेची मर्यादाही मुलांना कळायला हवी. दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटरचे, म्हणजे दुधासाठीच्या हायड्रोमीटरचे, माप उतरते, साय काढली की चढते; दोन्ही बेताने केले तर माप जागच्या जागी राहते, म्हणून फॅट तपासल्याशिवाय दुधाचा निवाडा होत नाही. तापमानाचेही तसेच आहे. पेट्रोल उन्हाने प्रसरण पावते, त्यामुळे पंपावरची घनता १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित करूनच पाहावी लागते.

शाळांनी प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती एक अनोळखी घन वस्तू, तराजू आणि मोजपात्र द्यावे, आणि ती कशाची असू शकेल हे मोजमापाच्या आधारे लिहायला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. द्राक्ष हंगामात वायनरींनी, आणि एरवी दूध संकलन केंद्रांनी, जवळच्या शाळेच्या एखाद्या वर्गाला तासभर हायड्रोमीटर व लॅक्टोमीटर हाताळू दिले, तर आम्ही शिक्षक मुलांना घेऊन आनंदाने येऊ.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, नाशिक