मामा, ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे

तीर्थस्वरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही प्रयोगशाळेतली नोकरी संपवून निघालात, त्या निरोपसमारंभात मला बोलायचं होतं. शाल झाली, नारळ झाला, तीन भाषणं झाली. तिन्ही भाषणांत तुम्ही 'वेळेवर येणारे आणि वेळेवर कुलूप लावणारे' एवढेच होतात. तुम्ही मांडीवर शाल ठेवून शांत बसून होतात. मी सगळ्यांत नवीन, म्हणून मला कुणी बोलायला उठवलं नाही. घरी आल्यावर मला रडू आवरेना. जे चारचौघांत बोलायचं राहिलं, ते चारचौघांतच लिहिते आहे.

तुम्हाला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुमच्या कॉलेजात आले तेव्हा बुरशीचा नाद सोडायचा, असं ठरवूनच मी आले होते.

त्याआधी सात वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं. तासाचे पैसे सहा-सहा महिन्यांनी मिळायचे, उन्हाळ्यात काहीच नसायचं. ते सोसलं, कारण माझ्यासारखे हजारो जण ते सोसत होते. सोसलं नाही ते वेगळंच. त्या काळात एका कॉलेजात असताना दोन पावसाळे मी सह्याद्रीच्या रानांत फिरून अळंब्या, भूछत्रं, लाकडांवरच्या टणक बुरश्या गोळा केल्या होत्या. लाकडी खोक्यात बल्ब लावून त्या वाळवायच्या, कागदी पाकिटात घालायच्या आणि पाकिटावर लिहायचं: कुठे, कधी, कोणत्या झाडाखाली, रंग कसा, वास कसा. १३७ पाकिटं झाली होती. तपासणी समिती येणार म्हणून एका रविवारी ते कपाट रिकामं केलं गेलं आणि पाकिटं पालापाचोळ्याबरोबर पेटवून दिली. सोमवारी मी विचारायला गेले तर ज्येष्ठ सर म्हणाले, "कुत्र्याच्या छत्र्याच ना त्या? पुढच्या पावसात परत उगवतील."

उगवतील, सर. पण त्या दिवशी त्या झाडाखाली उगवलेली परत येत नाही. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि आजवर जेमतेम दीड लाखांना नावं मिळाली आहेत. त्या १३७ पाकिटांत बिननावाचं काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाही कळणार नाही. एम.एस्सी.ला असताना मी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतलं बुरशींचं संग्रहालय पाहिलं होतं, बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाचं. जुन्या पाकिटांवर कुणाकुणाच्या हातच्या नोंदी. त्या दिवशी मनावर ठसलं होतं की नमुना म्हणजे ती नोंद. नोंद गेली की उरतो तो वाळका केर. माझे तर दोन्ही गेले होते.

असं मन घेऊन मी जूनमध्ये तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरच बुरशी चढलेली, निर्जंतुकीकरणाचं यंत्र बंद. त्याच्या दुरुस्तीच्या अर्जांचं पुराण इथे सांगत नाही. मी घरचा कुकर आणला, आणि बटाट्याच्या काढ्यात साखर आणि तो घट्ट करणारी अगर-पूड घालून केलेलं बुरशीचं खाद्य आपण त्यात शिजवू लागलो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वीस मिनिटं धरायची, हे मी एकदाच सांगितलं. तेव्हापासून तुम्ही स्टुलावर घड्याळ घेऊन बसायचात, मध्ये कुणी चहाला बोलावलं तरी उठायचा नाहीत.

शिकवणं मात्र जमत नव्हतं. पहिल्या वर्षाची मुलं. त्यांच्या लेखी बुरशी म्हणजे भाकरीवर येते ती, नाहीतर २०२१ मध्ये कोविडनंतर माणसांचे डोळे घेऊन गेली ती 'काळी बुरशी'. बुरशी ही वनस्पती नव्हे, तिच्या पेशीभित्तीत खेकड्याच्या कवचातलं कायटिन असतं, कुळाने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची, हे सगळं मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं खाली मान घालून उतरवून घ्यायची. मीही तास उरकत होते. तुम्ही दाराशी उभे असायचात. मला वाटायचं, तास संपून कुलूप लावायची वाट बघताय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी वारुळाच्या अळंबीवर तास घेतला. वाळवी खाल्लेला पाला-लाकूड विष्ठेतून बाहेर टाकून त्याचा स्पंजासारखा पोळा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. अडीच-तीन कोटी वर्षं ही शेती चालू आहे, माणसाच्या शेतीच्या कितीतरी आधीपासून. पावसाने जमीन भिजली की त्या पोळ्यातून अळंबी वर येते. टोपीखालचा दांडा मुळासारखा लांबच लांब खाली जातो, थेट वाळवीच्या घरापर्यंत. बोलता बोलता मी म्हणाले होते, "पण तो अख्खा दांडा मी कधी पाहिलेला नाही. ओढला की मध्येच तुटतो." आणखी एक म्हणाले होते, की अळंबी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नये, घामाने कुजते. मुलांनी ते वहीत लिहिलं असेल, नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा तुम्ही ओलेचिंब उभे होतात. हातात केळीच्या पानाची लांबलचक गुंडाळी, केळीच्याच सोपाने तीन ठिकाणी बांधलेली. टेबलावर तान्हं मूल ठेवावं तशी तुम्ही ती ठेवलीत आणि म्हणालात, "मॅडम, मोडूक देऊक नाय."

पान उलगडलं. वर करड्या टोकाची टोपी, मग पांढरा दांडा, मग जमिनीखालचा काळपट, दोरीसारखा निमुळता होत गेलेला भाग, हातभर लांब, कुठेही न तुटलेला. शेवटाला लिंबाएवढा पोळ्याचा तुकडा, त्यावर खसखशीसारखे पांढरे दाणे. पुस्तकातल्या चित्रात पाहिलेलं सगळं माझ्या टेबलावर होतं, मातीच्या वासासकट.

पण मामा, मला हलवलं ते त्याने नाही. पानाच्या घडीत एक कागद होता, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाचा. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या अक्षरात लिहिलं होतं:

"१४ जुलै. सकाळी ६. काल रात्री विजा. काजूच्या बागेचा बांध, किंजळीखाली. हातभर खोल. वास तांदळाच्या पिठाचा. ९ होती, १ आणले."

मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेन! कुणीही तुम्हाला नोंद करायला सांगितलं नव्हतं. काय लिहायचं हेही सांगितलं नव्हतं. दारात उभं राहून तुम्ही माझे सगळे तास ऐकले होतेत आणि त्यातलं जे खरोखर महत्त्वाचं, ते तुमचं तुम्हीच उचललं होतंत. मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांनी जे पेटवून दिलं, ते तुम्ही पावसात बसून लिहून आणलंत. आणि ती शेवटची ओळ. नऊ होती, एक आणलं. घरी भाजीला नऊच्या नऊ नेता आली असती. त्या दिवसांत वारुळाच्या अळंबीला बाजारात काय भाव मिळतो हे मला माहीत आहे. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बाकीची राहिली तर त्यांचं बी पडेल. वाडीतलं सातेरीदेवीचं वारूळ आहे, तिथे हात लावला नाही. हे बांधावरचं होतं, तिथेही आधी हात जोडले आणि उकरलेली माती परत लोटून दाबून आलो, असंही सांगितलंत. हे तुम्ही इतक्या सहज बोललात, जणू माणूस दुसरं काही करूच शकत नाही.

त्या रात्री मी टोपीचा एक तुकडा काचेवर पालथा घातला. सकाळी काचेवर फिकट गुलाबी ठसा उमटला होता, लाखो बीजाणूंचा. मुलांना रांगेने दाखवला. पहिल्यांदाच कुणी वही काढली नाही, सगळी डोळे लावून बघत राहिली. मी त्यांना सांगितलं, की अगदी अशीच दिसणारी, पांढरी, गवतात उगवणारी एक विषारी अळंबी असते, तिचा ठसा हिरवट येतो. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण काळी होते का, किडे खातात का, यांतल्या एकाही परीक्षेवर भरवसा ठेवू नका. त्या आठवड्यात तुमच्या शेजारच्या घरात नाणं टाकून अळंबी शिजत होती आणि तुम्ही ते भांडं उलटं करायला लावलंत, हे मला पुढे एका विद्यार्थिनीकडून कळलं. तुम्ही स्वतः बोलला नाहीत.

पुढच्या पावसाळ्यातला, सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाचा तासही तुमचाच. आमची निम्मी मुलं सुपारीच्या बागांतली. मी सांगत होते, की कोळेरोग करणारी ही खरी बुरशी नव्हे, तिच्या पेशीभित्तीत कायटिन नसून सेल्युलोज असतं. मग १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण द्राक्षांवर कसं आणलं, तेही सांगितलं. बोर्डो करायची वेळ आली तेव्हा मी तुम्हाला पुढे बोलावलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. वर्गापुरतं तुम्ही ते बादलीत थोडं केलंत आणि कंबरेची कोयती काढून त्यात बुडवलीत. पातं तांबूस झालं. "चुनो कमी पडलो," एवढंच म्हणालात आणि मूठभर चुना सोडलात. पुन्हा बुडवलीत, पातं स्वच्छ. लोखंडावर तांबं का चढतं, याचं रसायनशास्त्र मी मागाहून फळ्यावर लिहिलं, पण मुलांना ते कळलं तुमच्या कोयतीने. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "आमचे आजोबा असंच करतत." तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि बुरशीवरच प्रकल्प करतो आहे.

मामा, मी बरीच कॉलेजं पाहिली. प्रत्येक ठिकाणी तुमच्यासारखा कुणीतरी असतो. कोणतं आम्ल कोणत्या फळीवर, कोणत्या मुलाने सकाळपासून खाल्लेलं नाही, कुठल्या बाईंना गावात खोली मिळत नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्याचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही. ज्यांची येतात त्यांतले काही मी जवळून पाहिले आहेत. चांगुलपणाला पद लागत नाही, मोठा आवाज लागत नाही. त्याला दुसऱ्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि ते फार थोड्यांना जमतं. सात वर्षांत माझं बोलणं असं ऐकणारे तुम्ही पहिले. मुलं नंतर ऐकू लागली, कारण त्यांनी तुम्हाला ऐकताना पाहिलं.

आज आपल्या विभागाच्या कपाटात ६२ पाकिटं आहेत. पहिल्या पाकिटात ती अळंबी आहे, वाळून आक्रसलेली. पाकिटावर 'संकलक' असा एक रकाना असतो, नमुना ज्याने गोळा केला त्याच्यासाठी. तिथे मी तुमचं नाव लिहिलं तेव्हा तुम्ही संकोचून म्हणाला होतात, "माझां नाव कित्याक? मी खंय शिकलंय?" मी तेव्हा हसून विषय टाळला. आता सांगते. ते नाव तिथेच राहणार. नियमाप्रमाणे तेच नाव तिथे असायला हवं. शंभर वर्षांनी कुणी ते पाकीट उघडलं, तर त्याला आधी तुम्ही भेटाल आणि मग अळंबी. मूळ चिठ्ठी पाकिटात ठेवली नाही, नक्कल ठेवली आहे. मूळ माझ्या घरी आहे, आईच्या पत्रांच्या डब्यात.

कपाटाची किल्ली जाताना तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि कुलूप दमट हवेत अडकतं, दोन थेंब तेल सोडा म्हणालात. काल सोडलं. उघडलं लगेच.

येत्या पावसात नवी मुलं घेऊन मी तुमच्या वाडीत येणार आहे, त्याच बांधावर, त्याच किंजळीखाली. उरलेल्या आठांचं बी पडलं असेल तर बघू. रात्री विजा चमकल्या की मला फोन करा मामा, कितीही वाजलेले असोत. पहिल्या एस.टी.ने निघतो. मामींना नमस्कार सांगा आणि आमच्यासाठी चहा ठेवायला सांगा, आम्ही बावीस जण आहोत.

तुमची,
मॅडम