देवळाच्या दुरुस्तीसाठी नागपूरच्या महाल भागातील रहिवाशांना विनंती

सप्रेम नमस्कार.

यंदा पोळ्याच्या पावसात आपल्या देवळाच्या सभामंडपात बादल्या मांडून भजन करावे लागले. सागवानी तुळईचे एक टोक वाळवीने पोखरले आहे. शिखरावरच्या पिंपळाची मुळे गाभाऱ्याच्या भिंतीत उतरली आहेत.

वर्गणीला गेलो की लोक विचारतात, हे सरकारचे काम नाही का? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली स्मारके जपणे संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने शासनावर सोपवले आहे. अशा स्मारकांची निगा केंद्राचे पुरातत्त्व खाते राखते ते त्यामुळेच. राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण हे संरक्षण यादीत नाव असलेल्या वास्तूंनाच मिळते आणि आपले देऊळ कोणत्याच यादीत नाही. दुसरे असे, की एखाद्या धर्मासाठी खास कर भरायला अनुच्छेद २७ नुसार कोणालाही भाग पाडता येत नाही. आम्हाला ते योग्यच वाटते. सरकारने कोरीव दगड आणि लाकूड जपावे, पूजा-उत्सवाचा खर्च भक्तांनी करावा.

म्हणून राज्य संरक्षित स्मारकासाठी आम्ही अर्ज करत आहोत. त्याला पुरावे लागतात. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, राजाश्रय गेला आणि देऊळ वस्तीनेच सांभाळले. त्यामुळे कागद घराघरांत विखुरले आहेत. जुने फोटो, सनदा, जमाखर्चाच्या वह्या असतील तर दाखवा. आम्ही नक्कल काढून मूळ प्रत लगेच परत करू.

तोवर छत थांबणार नाही. मागच्या दुरुस्तीत आपणच भिंतीला सिमेंट थापले, खांबांना ऑइल पेंट दिला. ओल आतच कोंडली आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. या वेळी काम चुन्यातच होईल. चुना सावकाश धरतो, त्याला ओलावा लागतो. आपल्या उन्हाळ्यात तो तडकेल, म्हणून दिवाळीनंतर थंडीत सुरुवात करायची आहे.

कोणाचा वाडा पाडला जात असेल, तर जुने सागवान विकण्याआधी एकदा आम्हाला विचारा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी माहीत असतील तर सांगा. देणगी शक्यतो चेकने, ट्रस्टच्या नावे द्यावी. पावती मिळेल. हा पैसा फक्त दुरुस्तीला वापरला जाईल, उत्सवाचा हिशेब वेगळा राहील. अंदाजपत्रक देवळाच्या फलकावर लावले आहे. समितीचे सभासद रोज संध्याकाळी आरतीनंतर सभामंडपात भेटतील.

आपले,
देऊळ दुरुस्ती समितीचे सभासद