जमिनीच्या लॉटरीतून सापडलेल्या माझ्या सासरसाठी, काकांना जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

नाव टाकू नकोस म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण इथल्या मंडळातले निम्मे लोक तुम्हाला ओळखतीलच, कारण मुलाकडे अटलांटाला येऊन मॉल सोडून मॉरोच्या जॉर्जिया आर्काइव्हजमध्ये, म्हणजे राज्याच्या जुन्या कागदपत्रांच्या दप्तरात, जाऊन बसणारे आपल्यात तुम्ही एकटेच. आयुष्य विदर्भात मोजणी ऑफिसात गेलं, त्यामुळे जुना नकाशा दिसला की तुमचे हात शिवशिवतात हे काकूंकडून ऐकलंय.

माझा नवरा इथलाच, जॉर्जियाचा. घरात पिढ्यान् पिढ्या एकच गोष्ट चालत आलेली, की आपल्या पणजोबांच्या पणजोबांना लॉटरीत सोन्याची जमीन लागली होती. सासूबाई अजून ती थँक्सगिव्हिंगला सांगतात. लेकीला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आला, माझ्याकडची बाजू बाबांनी फोनवर दहा मिनिटांत सांगून टाकली आणि हिच्या बापाकडची मात्र ‘सोन्याची जमीन’ इथेच अडकली, तेव्हा मी तुम्हाला गाठलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. 1795 ला जॉर्जियात यझू नावाचा मोठा जमीन घोटाळा झाला, आमदारांनी लाच खाऊन पश्चिमेकडची प्रचंड जमीन कंपन्यांना कवडीमोलाने विकली, लोक भडकले, पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला आणि मग राज्याने ठरवलं की जमीन वाटायची ती सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढून. 1805 ते 1833 मध्ये अशा आठ लॉटऱ्या झाल्या आणि राज्याची साधारण तीन चतुर्थांश जमीन अशी वाटली गेली. एका ड्रममध्ये माणसांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात जमिनीच्या. अविवाहित पुरुषाला एक चिठ्ठी, बायकोपोरं असलेल्याला दोन, विधवांना वेगळी, अनाथ मुलांना वेगळी, नंतर नंतर तर नवरा तीन वर्षं राज्याबाहेर गायब असेल तर त्या बाईलासुद्धा. आणि हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत ते मला फार आवडलं, की चिठ्ठ्या मोजल्या तरी माणसाचं घर कळतं. जॉर्जियाच्या 1790, 1800 आणि 1810 च्या जनगणना जवळजवळ सगळ्या हरवल्यात, पुढच्यांतही 1850 पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असायचं, त्यामुळे त्या काळातला साधा माणूस कुठे सापडायचा तर या लॉटऱ्यांच्या याद्यांमध्येच.

पण थँक्यू मुख्यतः याच्यासाठी नाहीये.

सोन्याच्या लॉटरीच्या यादीत, म्हणजे सोनं सापडलेल्या भागातली जमीन वाटली ती 1832 ची, आमच्या माणसाचं नाव सापडलं तेव्हा मी नाचायची बाकी होते. नाव तेच, आडनाव तेच, 40 एकरांचा लॉट. तुम्ही चष्मा वर करून एवढंच म्हणालात, ‘नाव जुळलं, माणूस जुळला का?’ आणि मग तो कंटाळवाणा भाग सुरू झाला जो दुसऱ्या कुणी माझ्यासाठी केला नसता. यादीत नावापुढे मिलिशियाचा, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेचा, डिस्ट्रिक्ट असतो, कुठल्या कॅप्टनच्या हद्दीत राहायचा ते, आणि सोनेवाला निघाला भलत्याच काउंटीतला (काउंटी म्हणजे आपला जिल्हा). आमचे लोक जॅस्पर काउंटीचे. मग तुम्ही टॅक्स डायजेस्ट, म्हणजे काउंटीच्या कराच्या नोंदवह्या, काढायला लावलीत, त्यांच्यात दुसऱ्या काउंटीत असलेली जमीनसुद्धा लॉट नंबर आणि डिस्ट्रिक्टसकट लिहिलेली असते, आणि तिथे आमचा माणूस 1821 च्या लॉटरीत लागलेल्या मनरो काउंटीच्या जमिनीचा टॅक्स भरताना सापडला. 202.5 एकर, साधी शेतजमीन, सोनंबिनं काही नाही.

आणि 1827 च्या यादीत तो नाहीच! तिथे आहेत त्याची ‘ऑर्फन्स’. आई जिवंत असली तरी बाप गेला की मुलं अनाथ म्हणूनच नोंदवायचे हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मी ती ओळ सोडून पुढे गेले असते. म्हणजे माणूस या दोन लॉटऱ्यांच्या मध्ये कधीतरी गेला. त्यावरून कोर्टाची पालकत्वाची कागदपत्रं शोधली, त्यात चारही मुलांची नावं, सगळ्यात धाकटा तो आमचा. मुलांना लागलेली जमीन ट्रूप काउंटीत, आणि लग्रँजच्या कोर्टहाउसमध्ये तिचं खरेदीखत मिळालं, पालकाने विकून टाकलेली. बहुतेक कुणी ती बघायलाही गेलं नसेल. लॉटरी लागली म्हणजे माणूस तिथे राहायला गेला असं धरायचं नाही हे तुम्ही तीनदा बजावलं होतंत, कितीतरी लोकांनी चिठ्ठी परस्पर विकली, कितीतरींनी फी भरलीच नाही आणि जमीन नावावर करून देणारी ग्रँटच घेतली नाही.

त्याच फायलीत मालमत्तेची यादी होती. बैल, नांगर, कापूस, आणि मध्येच तीन माणसं, फक्त पहिली नावं, पुढे किंमत डॉलरमध्ये. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मी म्हटलं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हे नको, तुम्ही म्हणालात ‘मुलीला विचार’. विचारलं. तिने ती तिन्ही नावं चार्टवर लिहिली, वेगळ्या रंगात.

आणि ही वाटलेली जमीन मुळात कुणाची, हेही तुम्ही टाळलं नाहीत. आमच्या वाट्याची सगळी क्रीक या मूळ रहिवासी लोकांची, तहांवर सह्या घेऊन काढलेली. 1832 ची चेरोकींची, तेही इथले मूळ रहिवासी, तिथे तर तहसुद्धा नव्हता, लोक घरात राहत असताना सर्व्हेअर आले आणि लॉट पाडले. त्यांचे प्रमुख जॉन रॉस 1835 मध्ये वॉशिंग्टनहून घरी आले तर घरात लॉटरीवाला राहतोय. चेरोकींची जमीन सोडून देणारा न्यू इकोटाचा तह झाला त्याच वर्षाच्या शेवटी, तोही रॉसना डावलून, आणि 1838 ला हाकलणं सुरू झालं, वाटेत हजारो मेले. मोजणी खात्यातला माणूस हे सांगताना ‘साखळी ओढणारा हुकमाचा ताबेदार असतो’ म्हणून गप्प बसू शकला असता. तुम्ही बसला नाहीत.

सासूबाईंना सोन्याचं कसं सांगायचं हे मोठंच टेन्शन होतं, तेही तुम्हीच निभावलंत, काकूंच्या हातचे अनारसे घेऊन आलात आणि अर्धा तास नकाशावर बोट ठेवून समजावत बसलात. त्यांनी ऐकून घेतलं. थँक्सगिव्हिंगला काय सांगतील ते बघू :)

आता एक काम उरलंय. सासूबाईंच्या माहेरच्या बाजूचा एकजण 1805 च्या यादीत सापडलाय. त्या यादीत न लागलेल्यांचीही नावं आहेत म्हणून तरी मिळाला, कारण पुढे दोनदा ‘बी’ आहे, म्हणजे दोन्ही चिठ्ठ्या कोऱ्या. दोन चिठ्ठ्या म्हणजे नोंदणीच्या वेळी लग्न झालेलं असणार, बरोबर ना? पण त्याच नावाचे त्या काउंटीत दोघं आहेत, आणि दुसऱ्याला एकच चिठ्ठी. शनिवारी मॉरोला जाऊया का? गाडी मी काढते, डबा काकूंना करायला लावू नका.

तुमची,
जॅस्परवाल्यांची सून