भिंत रंगवली म्हणजे चौकशी झाली असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. समलिंगी असल्याच्या नुसत्या संशयावरून एखाद्या विद्यार्थ्याला लक्ष्य केले जाते, शाळेच्या भिंती आणि बाके त्यासाठी विद्रूप केली जातात, तेव्हा शाळा, संस्था आणि शिक्षण विभाग काय करतात याचा जो अनुभव या सत्रात आला, तो जाहीरपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

संविधान दिनानिमित्त नववीच्या वर्गाने एक भित्तिपत्रक तयार केले होते. समानता, व्यक्तीची प्रतिष्ठा आणि खासगीपणा या मूल्यांशी संबंधित न्यायालयीन निकाल मुलांनीच शोधून निवडले होते, आणि त्यांत ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ बाबत दिलेल्या निकालाची एक छोटी चौकट होती. दोन सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध हा आता गुन्हा नाही, एवढेच त्यात लिहिले होते. दुसऱ्या दिवशी ती चौकट फाडलेली आणि उरलेल्या कागदावर मार्करने शिव्या लिहिलेल्या आढळल्या. पुढच्या आठवड्यात मुलांच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीवर ऑइलपेंटने त्याच वर्गातील एका विद्यार्थ्याचे नाव आणि त्यापुढे छापता येणार नाही असा शब्द लिहिला गेला. त्याच्या बाकावर कर्कटकाने तोच शब्द कोरला होता, आणि त्याच्या सायकलची सीट ब्लेडने फाडली होती.

हा मुलगा समलिंगी आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा अधिकार शाळेतील कोणालाही नाही. त्याचा आवाज मऊ आहे, तो कबड्डीपेक्षा रांगोळीत रमतो, आणि भित्तिपत्रकावरील ती चौकट त्याच्या सुंदर अक्षरात लिहिलेली होती. एवढ्या भांडवलावर त्याला गुन्हेगार ठरवले गेले. त्यानंतर मधल्या सुट्टीत तो वर्गाबाहेर पडेनासा झाला. स्वच्छतागृहात जायला नको म्हणून तो सकाळपासून पाणीही पीत नाही, हे त्याच्या आईने मला सांगितले तेव्हा हे प्रकरण केवळ शाळेच्या मालमत्तेच्या नुकसानीचे आहे असे मानणाऱ्यांशी माझा वाद सुरू झाला.

मुख्याध्यापकांनी सोमवारच्या प्रार्थनेआधी शिपायाकडून भिंत रंगवून घेतली. तिचे छायाचित्र काढून ठेवावे, लेखी नोंद करावी, वर्गात चौकशी करावी, अशी विनंती मी केली होती. परंतु रंग वाळला तसा विषयही संपला, अशी त्यांची भूमिका राहिली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे म्हणणे होते की दहावीच्या परीक्षा तोंडावर असताना शाळेची बदनामी होऊ नये. उलट त्या मुलाच्या वडिलांनाच बोलावून ‘मुलाला जरा समज द्या’ असे सांगण्यात आले. मी शिक्षण विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार दिली, तेव्हा आवक क्रमांक मिळाला, आणि काही दिवसांनी दूरध्वनीवरून, ही शाळेची अंतर्गत बाब आहे, असे उत्तर आले. बोलणाऱ्या अधिकाऱ्यांनी पुढे विचारले की असले विषय भित्तिपत्रकावर घेतलेच कशाला. म्हणजे ज्याने भिंतीवर शिवी लिहिली त्याला कोणी काही विचारले नाही. जाब विचारला गेला तो ज्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला त्यांना.

वास्तविक हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. रॅगिंगला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९९९ चा आहे. त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या महाविद्यालयांपुरती मर्यादित नसून शिक्षण देण्याचे काम करणाऱ्या अन्य संस्थांनाही ती कवेत घेते, आणि विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा पोचवणारे, त्याच्या मनात भीती, लाज किंवा संकोच निर्माण करणारे वर्तन, चिडवणे आणि शिवीगाळ यांसह, रॅगिंगमध्ये धरते. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार केली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी केलीच पाहिजे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि तथ्य आढळले नाही तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे, असे त्यात स्पष्ट आहे. जो प्रमुख हे टाळतो, त्याने रॅगिंगला चिथावणी दिली असे हा कायदा मानतो. माझ्या लेखी तक्रारीला होकार किंवा नकार, यांपैकी काहीही लेखी मिळालेले नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ज्यांनी हे केले ती मुलेही चौदा-पंधरा वर्षांचीच असणार, तीही आमचेच विद्यार्थी आहेत, आणि त्यांची नावे पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत जावीत अशी माझी इच्छा नाही. अशा वयाच्या मुलांसाठी समुपदेशन, पालकांसमोर स्पष्ट बोलणे आणि झालेल्या नुकसानीची जबाबदारी त्यांच्याकडून स्वीकारून घेणे, हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. पण कोणताही मार्ग धरायचा झाला तरी आधी चौकशी लागते. ती न करता दाखवलेल्या सौम्यपणाचा फायदा फक्त लिहिणाऱ्यांना मिळतो. ज्याचे नाव लिहिले गेले त्याच्या वाट्याला वर्गातले प्रत्येक कुजबुजणे येते, कारण त्याच्या शेजारी बसलेल्यांपैकी हे कोणी केले हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

अशा दुर्लक्षाचे परिणाम काय होतात हे देशाने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये फरीदाबादमधील एका खासगी शाळेच्या दहावीतील मुलाने आत्महत्या केली. त्याच्या लैंगिकतेवरून शाळेत त्याचा छळ होत होता आणि आपण शाळेकडे वारंवार दाद मागितली होती, असे त्याच्या आईने सांगितले. युनेस्कोने तमिळनाडूत लैंगिक अल्पसंख्याक तरुणांची पाहणी केली, तेव्हा जवळपास चारशे जणांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी छळामुळे शिक्षणच सोडल्याचे समोर आले, आणि शाळेकडे तक्रार करणारे त्यांत थोडेच होते. तक्रार करूनही काही होत नाही हे मुलांना आपल्याआधी समजलेले असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आपल्या रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणाऱ्या छळाचा नावानिशी समावेश केला. त्यामुळे महाविद्यालयातील अठरा वर्षांच्या तरुणाला जे स्पष्ट संरक्षण आहे, ते नववीतल्या मुलाला त्याच स्पष्ट शब्दांत मिळालेले नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ च्या आदेशात शाळा-महाविद्यालयांनी पालक-शिक्षक सभांतून या विषयावर पालकांशी बोलावे, धोरणांत आवश्यक ते बदल करावेत आणि समुपदेशक नेमावेत, असे सुचवले होते. त्याच वर्षी एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी तयार केलेले प्रशिक्षण साहित्य संकेतस्थळावर आले आणि आक्षेपांनंतर थोड्याच दिवसांत काढून घेण्यात आले. ज्या शिक्षकाला या विषयावर वर्गात बोलावेच लागते, त्याच्या हातातले साधन असे काढून घेतले गेल्यावर त्याने कोणाकडे पाहावे?

‘शाळेत असले विषय नकोत, मुले लहान आहेत’ हा आक्षेप काही पालकांनीही घेतला, आणि त्यांच्या काळजीबद्दल मला आदर आहे. परंतु भिंतीवर शिवी लिहिणाऱ्याला हा विषय आधीच ठाऊक होता. तो त्याला शिव्यांतून, मोबाईलवरील विनोदांतून आणि कट्ट्यावरच्या टिंगलीतून शिकवला गेला होता. या विषयाबाबत गप्प बसण्याची परंपरा सांगणाऱ्यांना महाराष्ट्राची दुसरी परंपराही आठवावी. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला भरला गेला तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले. पण लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याला शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, हा आग्रह मराठी मुलखात इतका जुना आहे.

२०१८ च्या निकालातही केंद्र सरकारने या निकालाला प्रसारमाध्यमांतून नियमित प्रसिद्धी द्यावी, समाजातील कलंकभावना दूर करण्याचे कार्यक्रम हाती घ्यावेत आणि पोलिसांसह सर्व शासकीय अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे, असे न्या. रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले आहे. शिक्षण विभागाचे अधिकारी या ‘सर्व’ शब्दाबाहेर नाहीत. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये स्थापन केलेला समपथिक ट्रस्ट यांनी या क्षेत्रात दीर्घ काम केले आहे, तेव्हा मराठीतून प्रशिक्षण देणारे कोणी नाही ही सबबही टिकणारी नाही.

शिक्षण विभागाने सर्व शाळांना एक स्पष्ट परिपत्रक पाठवावे, ही माझी मागणी आहे. १९९९ चा कायदा शाळांना लागू आहे, लैंगिक कलावरून होणारा छळ त्यात येतो, अशा मजकुरावर रंग फासण्याआधी छायाचित्रासह लेखी नोंद करायची आहे आणि सात दिवसांत चौकशीचा निष्कर्ष तक्रारदाराला कळवायचा आहे, हे त्यात नि:संदिग्धपणे लिहावे. पीडित विद्यार्थ्याच्याच घरी समज देण्याची पद्धत तर ताबडतोब थांबली पाहिजे. ज्या मुलाने घरी काहीच सांगितलेले नाही, त्याच्यासाठी तो निरोप छळापेक्षाही घातक ठरू शकतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आता शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज केला आहे. पुढच्या वर्षी त्याची दहावी आहे, आणि दुसरी शाळा गावापासून सात किलोमीटरवर आहे. तो दाखला निघण्याआधी माझ्या तक्रारीची चौकशी व्हावी आणि तिचे उत्तर त्या पालकांना लेखी मिळावे.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक

(माझे नाव व पत्ता सोबत जोडला आहे. त्यावरून मुलाची ओळख पटू शकते, म्हणून तो प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)