फोनमधील बातम्या आणि गाळणी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हल्ली फोनवर बातम्या उघडल्या की मधुमेह मुळापासून घालवणारे काढे आणि कुठले तरी खून यांखेरीज काही दिसत नाही, असे बाबा म्हणाले. ते मनाला लागले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, वर्तमानपत्राचे पहिले पान संपादक ठरवतो आणि ते गावभर सारखेच पोहोचते. गूगलची बातम्यांची रांग मात्र तुम्ही आधी काय उघडले आणि काय शोधले, त्यावरून तुमच्यापुरती जुळवली जाते. त्यामुळे एखादी बातमी तुम्ही संतापून उघडलीत तरी यंत्राच्या लेखी ती तुमची आवडच ठरते. नको असलेल्या बातमीजवळचे तीन ठिपके दाबलेत, तर तो विषय नको किंवा ते संकेतस्थळच नको, असे सांगता येते. काढेवाल्यांसाठी दुसरा पर्याय वापरावा, कारण विषय म्हणून मधुमेहच नाकारला, तर कामाची माहितीही बंद होण्याचा संभव आहे. यूट्यूबवरही नको ते चॅनेल असेच बंद करता येते.

तरीही माझे मत असे आहे की, यंत्राला आपली आवड ओळखू देण्यापेक्षा कोणाचे वाचायचे हे आपणच ठरवावे. त्यासाठी आरएसएस (संघ नव्हे; संकेतस्थळांचे नवे लेख आपोआप मिळवण्याची पद्धत) ही 1999 पासूनची जुनी सोय आहे. ज्या संकेतस्थळांवर ती आहे, त्यांतली निवडक आपण नोंदवली की त्यांचे नवे लेख काळाच्या क्रमाने एका जागी येतात. असे लेख वाचण्याची गूगलची सेवा, म्हणजे गूगल रीडर, 1 जुलै 2013 रोजी बंद झाली, याचे मला आजही वाईट वाटते. पण फीडली आणि इनोरीडर ही तशीच ॲप चालू आहेत. ठरावीक शब्दांच्या बातम्या गाळण्याची सोय त्यांत मुख्यतः वर्गणीदारांना मिळते. ती वर्गणी मी भरेन.

आई, तुला लासलगावचे कांद्याचे भाव रोज हवे असतात, म्हणून हे तुझ्यासाठी. साधी गाळणी अर्थ जाणत नाही, केवळ अक्षरे जुळवते. तिला नुसते ‘कांदा’ सांगितले, तर ‘कांद्याचे भाव गडगडले’ ही बातमी तिच्या हाती लागणार नाही. त्यामुळे कांदा, कांदे, कांद्या अशी सगळी रूपे लिहावी लागतात. बाबांच्या नको असलेल्या शब्दांच्या यादीतही ‘मधुमेह’ न घालता ‘रामबाण’, ‘चमत्कारी’, ‘कायमचा बरा’ असे शब्द घालावेत.

व्हॉट्सॲपवर मात्र अशी गाळणी चालत नाही. तेथे दुहेरी बाण दिसला, तर तो निरोप अनेक हातांतून फिरून आला आहे, एवढेच समजावे; त्यावरून तो खरा की खोटा हे कळत नाही. सरकारी योजनेचा निरोप असेल आणि योजना केंद्राची असेल, तर पीआयबीच्या (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या) 2019 मध्ये सुरू झालेल्या फॅक्ट चेक विभागाकडे तो पडताळता येतो.

रविवारी व्हिडिओ कॉल करून आपण सगळे बसवू. तोपर्यंत दोघांनी आपापले हवे आणि नको असलेले शब्द कागदावर लिहून ठेवावेत. महिनाभराने गाळलेल्या बातम्याही एकदा पाहू. त्यांत कामाची एखादी सापडली, तर तो शब्द यादीतून काढून टाकू.

तुमची,
लेक